कोकणात सरकारी दवाखाना वापरायचा कसा? नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन आला असाल, निवृत्तीनंतर गावच्या घरात कायमचे राहायला आला असाल किंवा चिरेखाणीवर, आंब्याच्या बागेत कामाला आला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारून घ्या. आपली वाडी कोणत्या उपकेंद्राखाली येते, आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं, आणि आपल्या वाडीच्या आशाताई कोण. आशाताईंचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या आणि एकदा भिंतीवर किंवा कॅलेंडरवरही लिहून ठेवा. रात्री लाइट गेलेली असते, फोनची बॅटरी संपलेली असते, तेव्हा भिंतीवरचाच नंबर उपयोगी पडतो.

ही चौकशी कोकणात जास्त महत्त्वाची आहे, कारण इथे अंतर नकाशावर दिसतं तसं नसतं. नकाशातले १२ किलोमीटर म्हणजे दोन खाड्या, एक घाटी आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा साकव असू शकतो. म्हणून ‘मोठ्यात मोठं रुग्णालय कुठे’ एवढंच विचारून भागत नाही. ‘या दुखण्यासाठी सर्वांत जवळची योग्य जागा कोणती’ हे कळायला हवं.

कोणती पायरी कशासाठी

सगळ्यात खाली उपकेंद्र. डोंगराळ भागात साधारण ३,००० लोकवस्तीमागे एक, असा निकष आहे. इथे आरोग्य सेविका (गावात सगळे नर्सबाईच म्हणतात), आरोग्य सेवक आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. लसीकरण, गरोदरपणाची नोंद, बीपी-शुगर तपासणं, मलमपट्टी, तापाच्या रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणं ही इथली कामं. फलकावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, ते आपलं उपकेंद्र किंवा आरोग्य केंद्रच आहे.

त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. एमबीबीएस डॉक्टर, ६ खाटा, साधं बाळंतपण, सर्पदंश-विंचूदंशावरचे पहिले उपचार, कुत्रा चावल्यावरची लस. त्यावर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. कणकवली, सावंतवाडी, चिपळूणजवळचं कामथे, खेडजवळचं कळंबणी, दापोली, माणगाव, पेण ही उपजिल्हा रुग्णालयं. जिल्ह्याच्या रुग्णालयाला रत्नागिरीत लोक ‘सिव्हिल’ म्हणतात, सिंधुदुर्गात नुसतं ‘ओरोसला नेलं’ म्हटलं की कळतं, रायगडचं अलिबागला आहे. या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही झाली आहेत.

खाटांची संख्या पाहून दवाखाना निवडू नका. तिथे आज कोण तज्ज्ञ हजर आहेत, ते विचारा. कोकणात विशेषज्ञांची पदं रिकामी राहतात, ही इथली जुनी आणि खरी अडचण आहे. सर्जन आहेत पण भूलतज्ज्ञ नाहीत, अशी स्थिती असेल तर सिझेरियन किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन तिथे होणार नाही, इमारत कितीही मोठी असो. म्हणून तातडीचं नसेल तेव्हा निघण्याआधी फोन करून नेमकं विचारा: ‘हाडांचे डॉक्टर आज आहेत का, कोणत्या वारी असतात?’

कारभार दोन घरांत वाटलेला आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण रुग्णालयापासून वरचं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे (म्हणजे सिव्हिल सर्जनकडे). रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आरोग्य सेवेच्या कोल्हापूर मंडळात येतात, रायगड ठाण्याच्या मंडळात. आरोग्य केंद्रात लस नाही म्हणून सिव्हिल सर्जनकडे अर्ज केला तर तो नुसता फिरत राहतो, त्यामुळे हे माहीत असलेलं बरं.

ओपीडीचा दिवस

बाह्यरुग्ण विभाग साधारण सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी चार ते सहा चालतो. दारावरच्या फलकावर त्या ठिकाणची वेळ लिहिलेली असते, ती पाहून ठेवा. सोमवारी आणि आठवडा बाजाराच्या दिवशी गर्दी दुप्पट असते.

१. पहिल्या एसटीने या. उपाशीपोटीची शुगर तपासायची असेल तर चहासुद्धा घेऊ नका, पण पाण्याची बाटली आणि खायचा डबा बरोबर ठेवा. नमुना दिला की लगेच खा.

२. केसपेपर काढा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाताना थोडे पैसे जवळ ठेवा आणि खिडकीवर शुल्काचा तक्ता वाचा.

३. जुना केसपेपर असेल तर तोच पुढे करा. नवा काढला की डॉक्टरांसमोर तुमचा इतिहास कोरा होतो आणि तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

४. चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. ‘पांढरी छोटी गोळी, सकाळची’ यावरून कोणालाही औषध ओळखता येत नाही.

५. रक्त दिलं की अहवाल कधी आणि कसा मिळणार ते विचारा. आरोग्य केंद्रातून बरेच नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल मोबाइलवर येतो. फॉर्मवर मुंबईतल्या मुलाचा नंबर दिलात तर अहवाल त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही वाट पाहत बसाल.

६. औषधाच्या खिडकीवरून लगेच हटू नका. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती रात्री, हे तिथेच विचारा आणि पाकिटावर पेनने खूण करून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सहसा महिन्याच्या मिळतात. जुलैमध्ये त्या संपायची वाट पाहू नका, नदीला पूर यायच्या आधी आठवडाभर जाऊन पुढच्या घेऊन ठेवा. या गोळ्या मध्येच बंद झाल्या की पक्षाघाताचा धोका वाढतो.

कागदांसाठी घरात एकच पिशवी करा, झिप असलेली प्लास्टिकची. आधार, रेशनकार्ड, सगळे केसपेपर तारखेच्या क्रमाने, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे. पावसात भिजून शाई फुटलेला केसपेपर वाचता येत नाही.

१०८ ला फोन करताना

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी १०२. फोन राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात लागतो. समोरच्या माणसाने तुमचं गाव पाहिलेलं नसतं, म्हणून पत्ता या क्रमाने सांगा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, मग मोठ्या रस्त्यावरची खूण. ‘खालची वाडी’ आणि ‘वरची वाडी’ प्रत्येक गावात असते, त्यामुळे नुसत्या वाडीच्या नावाने गाडी भलत्याच गावात जाते. खूण अशी द्या जी रात्रीही दिसेल: देऊळ, शाळा, एसटीची शेड, पुलाचा कठडा.

मग रुग्णाला काय झालं ते एका वाक्यात सांगा, श्वास कसा आहे आणि शुद्धीवर आहे का ते सांगा. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका आणि तो नंबर दुसऱ्या कामाला गुंतवू नका, चालकाचा फोन त्यावरच येतो. वाडीत रेंज येत नसेल तर एक माणूस रेंजच्या जागी उभा करा, कातळावर असो की शाळेच्या गच्चीवर.

रुग्णवाहिका पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरू शकत नाही. घर रस्त्यापासून दोनशे पायऱ्या खाली असेल तर गाडी यायच्या आत रुग्ण रस्त्यावर आणावा लागतो, आणि वेळ सर्वांत जास्त इथेच जातो. हात असलेली मजबूत लाकडी किंवा प्लास्टिकची खुर्ची घ्या. रुग्णाला बसवून छातीशी आणि मांड्यांवरून लुगडं किंवा चादर बांधा. दोघांनी मागची पाठ, दोघांनी पुढचे पाय धरा. पाखाडी चढताना आणि उतरताना रुग्णाचं तोंड उताराकडे राहू द्या, म्हणजे खुर्ची मागे कललेली राहते आणि तो पुढे घसरत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ असतं, पुढे एक जण बॅटरी घेऊन चालू द्या. मान किंवा कण्याला मार लागला असेल, झाडावरून पडला असेल, तर मात्र खुर्ची नको. दरवाजाची फळी किंवा सपाट फळकूट घ्या आणि डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून उचला. आंबा-काजूच्या हंगामात झाडावरून पडलेले रुग्ण बरेच येतात. उचलताना मान वाकली तर हातापायांची शक्ती कायमची जाऊ शकते.

गाडीला वेळ लागणार असं कळलं तर गावातली रिक्षा काढा आणि १०८ ला तसं सांगा. वाटेत गाठून रुग्ण बदलता येतो.

साप, विंचू, कुत्रा

कोकणात फुरशाचं प्रमाण फार आहे. ते लहानसं असतं, जांभ्या दगडाच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत), पालापाचोळ्यात, गवताच्या भाऱ्यात बसतं. दंशाची जागा छोटी दिसते आणि सुरुवातीला रुग्ण चालतो-बोलतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद जाते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त काही तासांनीही सुरू होऊ शकतं. मण्यार उलट आहे. रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. पहाटे उठून ‘पोट दुखतंय, डोळे उघडत नाहीत’ म्हणणाऱ्या माणसाला झोपू देऊ नका, सरळ दवाखान्यात न्या.

करायचं एवढंच: अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला हात-पाय हलू नये असा फळीला सैल बांधा, रुग्णाला चालवू नका, आणि जवळच्या ज्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत तिथे न्या. आवळपट्टी बांधू नका, ब्लेड लावू नका, चोखू नका. करकचून बांधलेल्या दोरीने पाय काळा पडतो आणि दवाखान्यात ती सोडताच विष एकदम अंगात जातं. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. साप मारून आणायची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर दाखवा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकत्र चालणारं असतं.

दवाखान्यात काय होतं ते माहीत असलं की घाबरगुंडी कमी होते. डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतात आणि ती नळी २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग तिरपी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. त्या वेळी ‘नुसतं बसून राहिलेत’ असं वाटून नळी हलवू नका, भांडू नका, तीच तपासणी चालू आहे. प्रतिविषाची सुरुवात साधारण १० कुप्यांनी होते, सलाइनमधून तासाभरात. लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण साप मुलाला विष कमी घालत नाही. प्रतिविषाची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून खाज, पित्त उठणं, धाप लागली तर लगेच सिस्टरना सांगा. पहिल्या कुप्या जवळच्या केंद्रात घेऊन मग वर जाणं हे थेट ८० किलोमीटर पळण्यापेक्षा बहुतेक वेळा चांगलं.

सर्पदंशाची नोंद एमएलसी (पोलिसांना कळवायचं वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) म्हणून होते. तिची प्रत जपून ठेवा. दुर्दैवाने शेतकरी कुटुंबातला माणूस दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांचा अर्ज करताना हे कागद लागतात.

लाल विंचू चावल्यावर ठणक्यापेक्षा घामाकडे लक्ष द्या. अंग थंड पडून घामाने भिजणं, उलट्या, धडधड म्हणजे विष हृदयावर चाललंय. यावर प्राझोसिनची गोळी लागू पडते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच भागातल्या रुग्णांवर काम करून ते जगाला दाखवलं. त्या आधी असे रुग्ण मोठ्या संख्येने दगावत.

कुत्रा, मांजर, माकड चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तेल लावू नका. लस पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन वेगळं असतं. ते आरोग्य केंद्रात नसेल तर ‘कुठे मिळेल’ ते तिथूनच फोन करून विचारून घ्या. चौथा डोस चुकवणारे बरेच असतात, तारीख कॅलेंडरवर लिहा.

पावसाळ्यातला ताप

लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या पिळवटल्यासारख्या दुखतात, डोळे लाल आहेत, लघवी कमी झाली आहे, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलातून तो पायाच्या चिरांवाटे शिरतो. डॉक्टरांना आपणहून सांगा: ‘आठ दिवस शेतात होतो.’ हे वाक्य नसेल तर तो साधा ताप समजला जाऊ शकतो. या काळात आरोग्य सेवक शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवून. गरोदर बायका आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत.

दोडामार्ग, सावंतवाडीकडे उन्हाळ्यात काजूच्या बागेत जाणाऱ्यांनी माकडतापाचं नाव लक्षात ठेवावं. तिथे २०१६ पासून रुग्ण सापडले आहेत. गोचिडीतून पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

बाळंतपण

दिवस गेल्याचं कळताच, शक्यतो तिसऱ्या महिन्याच्या आत, उपकेंद्रात नोंद करा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात डॉक्टरांकडून गरोदर मातांची खास तपासणी असते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरून दवाखान्यात व परत घरी नेणारी गाडी, सगळं मोफत आहे.

इथे एक घोळ हमखास होतो. नोंद सासरी आणि पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात माहेरी जाताना कार्ड बरोबर न्या, तिकडच्या आशाताईंना पहिल्याच दिवशी भेटा. दुसरा घोळ नावाचा. आधारवर माहेरचं नाव, कार्डवर सासरचं, बँकेत तिसरंच. मग जननी सुरक्षा योजनेचे किंवा मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात. पाचव्या महिन्यापर्यंत हे एक करून घ्या.

तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल आणि घर नदीपलीकडे असेल, तर शेवटचा आठवडा रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे राहा. बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आधीचं सिझेरियन किंवा जुळी असतील तर आरोग्य केंद्रात बाळंत व्हायचा हट्ट नको. जिथे भूलतज्ज्ञ आणि रक्त दोन्ही आहे तिथली जागा आधीच ठरवा. बाळंतपणानंतर ४८ तास तरी घाईने घरी जाऊ नका, रक्तस्राव बहुधा त्यातच होतो.

वर पाठवलं तर

‘रेफर’ म्हटलं की घरचे खचतात. पाठवण्याचं कारण विचारा, आणि ही चार कामं करून घ्या. चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि त्यांची वेळ लिहून घ्या. पुढच्या रुग्णालयात फोन झाला का, कोणाशी, ते विचारा. १०८ मिळणार का ते विचारा, ती एका रुग्णालयातून दुसऱ्यातही नेते. आणि घाट चालू आहे का ते चालकाला विचारायला लावा. वैभववाडी-कणकवलीकडून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचं तर करूळ, भुईबावडा किंवा फोंडा घाट, रत्नागिरीकडून आंबा घाट. दरड कोसळली की रस्ता तासाभरात बंद होतो. दक्षिण सिंधुदुर्गातले लोक बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात. तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागू झालं आहे, त्याची तयारी ठेवा.

मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. रुग्णालयात गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार द्या. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. तातडीचं असेल तर आरोग्यमित्र फोनवरून कळवून उपचार सुरू करून देतो. बिल भरून घरी आल्यावर अर्ज केला तर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. चाकरमान्यांच्या घरी अडचण रेशनकार्डाची होते: मुंबईच्या कार्डातून नाव कमी केलं आणि गावच्या कार्डात चढवलंच नाही. हे काम आजारी पडायच्या आधी तहसील कार्यालयात करून घ्यायचं असतं. योजनेतल्या रुग्णालयाने पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा.

मनाचे आजार

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे, तपासून औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येतं. झोप न येणं, दारू सोडवणं, सतत उदास वाटणं यासाठीही तिथे जावं, ‘वेड्यांचं’ म्हणून टाळू नये. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

अडलं तर

औषध बाहेरून आणायला सांगितलं तर आधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. बऱ्याचदा साठा शेजारच्या केंद्रातून मागवता येतो किंवा स्थानिक खरेदी करता येते. तिथे काम झालं नाही तर आरोग्य केंद्राची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, रुग्णालयाची शल्य चिकित्सकांकडे, लेखी, तारीख आणि केसपेपर क्रमांक घालून, पोच घेऊन द्या. १०४ वरही सांगता येतं. रात्रपाळीत एकट्या असलेल्या सिस्टरवर आवाज चढवू नका, त्यांच्याकडे त्याच वेळी दुसरी बाई कळा देत असते.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावरचं नाव, वय आणि पुढची तारीख वाचा. बाळ झालं असेल तर जन्मनोंदीच्या फॉर्मवर आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिथेच, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आधारशी ताडून पाहा. तिथे ते दोन मिनिटांत बदलतं. नंतर त्यासाठी कागद घेऊन निबंधकाकडे खेटे घालावे लागतात.